हर्षदाच्या गळ्यातला बिल्ला

हर्षदा डाव्या हाताने जेवत होती, म्हणून उज्ज्वलाचं लक्ष गेलं.

गुजरातेतल्या पांडेसऱ्याच्या गिरणीवस्तीत, त्या एका खोलीत साड्यांचं गाठोडं अर्धवट सोडलेलं पडलं होतं. उज्ज्वला घरबसल्या धागा कापायचं काम करायची. भरतकाम होऊन आलेल्या साड्यांच्या उलट्या बाजूला दोरे लोंबत असतात, ते कात्रीने साफ करायचे आणि साडी पुन्हा घडी घालून ठेवायची. मुलगी शाळेतून आली की तिला ताट वाढून ती परत साड्यांपाशी बसायची. त्या दुपारीही तशीच बसली होती. हर्षदा दुसरीत होती, सात वर्षांची. एरवी एका घासाला तिच्या दहा गोष्टी असायच्या. पण गेल्या काही आठवड्यांत ती शाळेतून आल्यावर गप्पच असायची आणि उज्ज्वलाला वाटायचं, मोठी व्हायला लागली, शहाणी झाली.

"डावा हातघाई काय जेवस? उजवाले काय व्हयनं?"

हर्षदाने उजवा हात फ्रॉकखाली ओढून घेतला. उज्ज्वलाने कात्री खाली ठेवली, जवळ गेली आणि फ्रॉक बाजूला केला. मनगटाच्या वर हात सुजून टम्म झाला होता. रंग काळानिळा पडला होता.

"कव्हय पडनी तू?"

"सुट्टीमा. घसरगुंडीवरतीन."

"सुट्टीमा? मंग टीचरले का बरं सांगं नही?"

हर्षदा ताटाकडे बघत राहिली. मग अगदी हळू, जणू स्वतःचीच चूक असल्यासारखी म्हणाली, "हात दुखस, हाई इंग्लिशमा कसं सांगतस, माले येत नही."

उज्ज्वलाला आधी नीट कळलंच नाही. तिने शेजारच्या ज्योतीला हाक मारून दार बघायला सांगितलं, पोरीला कडेवर घेतलं आणि रिक्षाने बमरोली रोडवरच्या हाडांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालता घालता त्यांनी विचारलं, "सकाळी पडली म्हणता, मग शाळेने कुणी फोन नाही केला?"

"शाळेला माहीत नाही, डॉक्टर."

"असं कसं? एवढं दुखत असताना मूल गप्प बसेलच कसं?"

 याचं उत्तर उज्ज्वलाला परतीच्या रिक्षात मिळालं, तुकड्या तुकड्यांनी. हर्षदा आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगत होती आणि मधूनच थांबत होती.

शाळेत एक बिल्ला होता. पुठ्ठ्याचा, लाल लेस लावलेला, प्रत्येक वर्गाचा वेगळा. त्यावर लिहिलेलं होतं की मी आज इंग्रजी बोललो नाही. सकाळी पहिल्यांदा जो कुणी हिंदी, गुजराती किंवा घरची बोली बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात टीचर तो घालत. मग त्या मुलाने दिवसभर कान टवकारून फिरायचं. दुसरं कुणी चुकलं की बिल्ला काढून त्याच्या गळ्यात घालायचा, म्हणजे आपली सुटका. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं करत.

त्या दिवशी बिल्ला प्रियांकाच्या गळ्यात होता. प्रियांका म्हणजे ज्योतीची मुलगी, हर्षदाच्या बाकावर बसणारी, एकाच रिक्षातून जाणारी-येणारी. हर्षदा घसरगुंडीवरून खाली आपटली तेव्हा तिच्या तोंडून "माय वं!" असं निघालं. प्रियांका धावत आली. उचलायला आली असं हर्षदाला वाटलं. तिने बिल्ला काढला आणि खाली पडलेल्या हर्षदाच्या गळ्यात घातला.

"तू आपली बोली बोलनी ना, म्हनीसन," हर्षदा म्हणाली. प्रियांकाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. नियमच तसा होता.

उरलेले सगळे तास ती मोडका हात मांडीवर ठेवून बसली. गळ्यात बिल्ला होता. रडली असती तर कुणीतरी विचारलं असतं, विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं, म्हणून ती रडली नाही.

रिक्षा खाडीच्या पुलावरून जात होती. खाली गिरणीचं जांभळं पाणी वाहत होतं, नेहमीचा उग्र वास येत होता.  पोरगी पडली याचं उज्ज्वलाला फार वाटलं नाही, पोरं पडतातच. पण पडताना मूल आईला हाक मारतं, आणि त्या हाकेला गुन्हा ठरवणारी माणसं कोण?

वाईट याचं होतं की ती शाळा वाईट नव्हती. मिशनची शाळा. बमरोलीच्या आसपास सगळे तिला सिस्टरांची शाळा म्हणत. लूमवाल्यांची, डाइंगवाल्यांची, कडियाकाम म्हणजे गवंडीकाम करणाऱ्यांची मुलं तिथे होती. धुळ्याकडची, अमळनेरकडची, नांदेडची, ओडिशाची, युपीची. आवारात मरियमची मूर्ती होती आणि जाता-येता हिंदू पोरंही तिला हात जोडत. दर बुधवारी सगळ्या वर्गाचे डबे एकत्र उघडायचे. कळण्याची भाकरी, लिट्टी, ढोकळा, जे असेल ते वाटून खायचं. मूल दोन दिवस आलं नाही तर मोठ्या सिस्टर, सिस्टर रमिला, स्वतः गल्ल्या शोधत घरी यायच्या. हर्षदाला कावीळ झाली होती तेव्हा त्या याच खोलीत, साड्यांच्या गाठोड्यावर बसून गेल्या होत्या. उज्ज्वला गावाकडे बहिणीला फोनवर सांगायची, आमच्या पोरीची शाळा म्हणजे देवळासारखी आहे. आता ते आठवून तिचा संताप आणखी वाढत होता.

संध्याकाळी वाल्मिक कारखान्यातून आला. तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारीगर होता; बारा तास यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून त्याला घरीही मोठ्याने बोलायची सवय होती. पोरीचं प्लास्टर पाहून मात्र त्याने दबक्या आवाजात "काय व्हयनं?" विचारलं. तो तिला मांडीवर घेऊन बसून राहिला. उज्ज्वलाने त्याला सगळं सांगितलं. बिल्ल्याचं नाव निघालं तसा तो खाली बघायला लागला. "सकायले शाळामा जाय, बोली ये," एवढंच म्हणाला. उज्ज्वलाला ते विचित्र वाटलं; एरवी हा माणूस भाजीवाल्याशी भांडायलासुद्धा पुढे असायचा.

दुसऱ्या दिवशी ती हर्षदाला घेऊन शाळेत गेली. वर्गशिक्षिका पल्लवी टीचर व्हरांड्यातच भेटल्या. वयाने लहान, नेटकी साडी, घरचे मूळचे परभणीकडचे. प्लास्टर पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"अगं बाई, हर्षदा! काय झालं हे?"

हर्षदा आईच्या मागे सरकली. तोंड घट्ट मिटलेलं. उज्ज्वलाने ते पाहिलं आणि आदल्या दिवसापासून धरून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"काय झालं ते तिला विचारू नका, टीचर. ती सांगायची नाही. तिला इंग्रजीत येत नाही. काल तुमच्या वर्गात मोडका हात घेऊन बसली होती माझी पोरगी. तुम्ही फळ्यावर लिहीत होता, ती समोर बसली होती. एकदा तरी बघितलं का तिच्याकडे?"

"ताई, मला खरंच कळलं नाही. तिने सांगितलं असतं तर..."

"कसं सांगणार? सांगितलं तर बिल्ला, आणि बिल्ला तर आधीच गळ्यात! कशासाठी, माहितीये? पडताना तिने 'माय वं' म्हटलं म्हणून!"

व्हरांड्यातून जाणाऱ्या मुलांची रांग हळू झाली. पल्लवी टीचर ओशाळल्या, पण लगेच त्यांचा आवाजही चढला. "हे बघा, झालं ते वाईटच झालं. पण बिल्ला काही मी माझ्या मनाने काढलेला नाही. जूनमधल्या पालकसभेत पालकांनीच मागणी केली. बाजूच्या शाळांतली मुलं फाडफाड बोलतात, आपली बोलत नाहीत, सक्ती करा, म्हणाले. तुमचे मिस्टर पुढच्या रांगेतच होते. टाळ्या वाजवल्या त्यांनी. तुम्ही घरी विचारा."

उज्ज्वला एकदम थांबली. काल संध्याकाळी नवरा खाली का बघत होता, ते तिला आत्ता कळलं. पण त्याने राग कमी झाला नाही, उलट आता तो दोन्हीकडे फुटला.

"टाळ्या त्याने वाजवल्या असतील. पण पोरीला तुमच्या भरवशावर पाठवते मी. तुम्ही शिकलेल्या आहात. त्याने सांगितलं, आग लावा, तर लावाल का?"

आवाज ऐकून सिस्टर रमिला ऑफिसमधून बाहेर आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्या व्यारा बाजूच्या, गामीत नावाच्या आदिवासी जमातीतल्या. मराठी त्यांना चांगली समजायची. बोलताना मात्र हिंदी, गुजराती आणि मराठी अशी त्यांची खिचडी असायची. त्यांनी दोघींना आत बसवलं, हर्षदाला जवळ घेतलं, प्लास्टरवरून हात फिरवला आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उज्ज्वलाला वाटलं, आता त्या उठतील आणि सगळे बिल्ले गोळा करून फेकून देतील.

सिस्टर म्हणाल्या, "उज्ज्वलाबेन, हर्षदाला आजपासून बिल्ला नाही. मी सगळ्या टीचरांना सांगते. तिला ज्या भाषेत बोलायचं त्या भाषेत बोलू दे."

"आणि बाकीच्या पोरांना?"

सिस्टर घुटमळल्या. "ते पालकांनी ठरवलेलं आहे. मी एकटी कसं काढू? शनिवारी सभा आहे. तिथे विषय ठेवू."

"हात मोडायला सभा लागली नाही, सिस्टर. बिल्ला काढायला सभा पाहिजे?"

"तुम्ही रागात आहात. बरोबर आहे तुमचं. पण मुलं कमी होत चालली आहेत. पालक म्हणतात, इंग्लिश नाही तर आम्ही दुसरीकडे जाऊ. शाळा बंद पडली तर ही गरीब मुलं कुठे जातील?"

उज्ज्वला उठली. पोरीपुरतं तर मिळालं होतं. ती हर्षदाला घेऊन घरी आली. रस्ताभर ती स्वतःला समजावत होती की आपल्यापुरतं झालं ना, आता मोठ्यांच्या भानगडीत कशाला पडायचं. सिस्टर काही वैरीण नाहीत.

तिची ही समजूत दुपारपर्यंत टिकली.

दुपारी ज्योती प्रियांकाला घेऊन आली. प्रियांकाचे डोळे रडून सुजले होते. ज्योतीने तिच्या पाठीत धपाटा घातला, "माफी माग काकूची! मैत्रिणीचा हात मोडला आणि ही बिल्ला घालत बसली!" उज्ज्वला त्या पोरीवर ओरडायच्या तयारीतच होती. पण प्रियांका हुंदके देत म्हणाली, "काकू, माझ्या गळ्यात आधीच दोन दिवस राहिला होता. प्रार्थनेला उभं केलं होतं मला. सगळे हसले."  ही लहानशी पोर वाईट नव्हती. स्वतः बुडत होती म्हणून तिने दुसरीचं डोकं दाबलं. आणि तिला हे शिकवलं कुणी? ज्या शाळेत बुधवारी डबे वाटून खातात त्या शाळेने.

दोघी बायका आत बोलत बसल्या, पोरी बाहेर गेल्या. थोड्या वेळाने गल्लीतून कुणा लहान मुलाचं रडणं ऐकू आलं. उज्ज्वला दारात गेली.

गल्लीत पोरं शाळा-शाळा खेळत होती. साडीच्या खोक्याचं झाकण फाडून त्याला भोक पाडलं होतं, त्यात जरीचा दोरा ओवला होता. हर्षदा टीचर झाली होती. प्लास्टरचा हात छातीशी धरून, दुसऱ्या हाताने तिने तो पुठ्ठा समोरच्या घरातल्या चार वर्षांच्या पोराच्या गळ्यात अडकवला होता. त्याने पाणी मागितलं होतं, अहिराणीत. "नो! नो!" हर्षदा डोळे वटारून म्हणत होती. "इंग्लिशमें बोल! नहीं तो पानी नहीं!" ते पोर घसा कोरडा करून रडत होतं आणि बाकीची पोरं त्याला हसत होती.

उज्ज्वलाने पुढे होऊन त्याच्या गळ्यातला पुठ्ठा काढला आणि त्याला उचलून घरात नेऊन पाणी पाजलं.   आपल्या पोरीला बिल्ल्यातून सूट मिळाली म्हणून आपण गप्प बसणार होतो, हा विचार तिला झोंबला. सूट मिळालेली पोरगी काय करते, ते तिने आत्ताच पाहिलं होतं.

संध्याकाळी वाल्मिक आल्या आल्या तिने विचारलं, "सभामा टाया तुमीन वाजाड्यात?"

तो चिडला. लपवलेलं उघडं पडलं की माणूस चिडतो तसा. "हां, वाजाड्यात! काय चुकनं मनं? कारखानाना खातामा माले कोन इचारस? शेठना पोरगा मनापेक्षा लहान, तो इंग्रजीमा दोन शब्द बोलस आनि आम्ही सगळा माना हलावतस. मनी आंडेरनी, मनी हर्षदानी, तशी मान हलावानी का? तिनं भलं व्हवो म्हनीसन वाजाड्यात."

"भलं? आंडेर मुकी व्हई गई आपली! तुम्हले समजनं का? महिना व्हयना, घरमाबी बोलत नही. मी म्हनू शहानी व्हयनी. ती घाबरनी व्हती, घाबरनी!"

वाल्मिकने भिंतीकडे तोंड केलं. तसाच म्हणाला, "शनवारले तू सभामा काही बोलू नको. लोके हसतीन. मी सिस्टरशी एकटा बोलसू."

"हसू द्या," उज्ज्वला म्हणाली.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये पालक जमले. पुढे पुरुष, मागे बायका, कडेला टीचर. सिस्टर रमिलांनी विषय मांडला. एका मुलीला लागलं, तिने भीतीने सांगितलं नाही, म्हणून बिल्ल्याबद्दल पालकांनी पुन्हा विचार करावा, असं त्या म्हणाल्या. शब्द सगळे बरोबर होते, पण त्या इतक्या सावकाश आणि इतक्या जपून बोलल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, पावसाळ्यात गच्ची गळते त्याबद्दलच चाललंय.

लगेच निंबाभाऊ उठले. नवागामला त्यांची स्वतःची चार लूम होती, गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांचा मुलगा चौथीत होता.

"सिस्टर, पोरीला लागलं, वाईट झालं. पण एक पोरगी पडली म्हणून नियम मोडायचा का? आमच्या पिढीला कुणी सक्ती केली नाही, म्हणून आम्ही लूमवर आहोत. सक्ती पाहिजे. पोरं घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, टीव्हीवर गुजराती, मग इंग्रजी बोलणार कधी?"

पुढच्या रांगांतून "बरोबर, बरोबर" असा आवाज आला.

उज्ज्वला उठली. पुढे बसलेल्या वाल्मिकने मागे वळून तिला खुणेने बस म्हटलं. ती बसली नाही. तिने मराठीत सुरुवात केली, पण दोन वाक्यांत तिची अहिराणी वर आली. पुढून कुणीतरी हसलं. "हिंदीमें बोलो, बेन," एक जण म्हणाला.

"ज्यात येतं त्यात बोलेन," ती म्हणाली. "मला हसा. मी मोठी आहे, मला काही होत नाही. पण रोज सकाळी प्रार्थनेला पोरं उभी करतात आणि सगळी शाळा हसते, त्यात तुमची पोरं असतात. निंबाभाऊ, इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. मलाही पाहिजे. पण चार महिने झाले बिल्ला लावून. माझी पोरगी इंग्रजी शिकली का? नाही. गप्प राहायला शिकली. दुसऱ्यावर पाळत ठेवायला शिकली. हिचा हात मोडला आणि वर्गातल्या एका पोराने टीचरला सांगितलं नाही. का? सांगायला तोंड उघडावं लागतं. परवा माझ्या दारात ही चार वर्षांच्या पोराला पाणी देईना, इंग्रजीत माग म्हणे. माझी पोरगी! हे शिकायला मी तिला इथे पाठवते का?"

हॉलमध्ये चुळबूळ झाली. मागच्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. ज्योती म्हणाली, "खरं आहे तिचं," पण बसल्या जागेवरून, हळू.

सिस्टर म्हणाल्या, "आपण हात वर करून मत घेऊ. बिल्ला राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. पुढचे जवळजवळ सगळे. मागच्याही बऱ्याच बायकांचे. वाल्मिकचा हात मांडीवरच राहिला. तो त्याने वर केला नाही. पण मग सिस्टरांनी "काढावा असं कुणाला वाटतं" असं विचारलं तेव्हाही तो मांडीवरच होता. उज्ज्वलाचा हात वर होता, ज्योतीचा खांद्यापर्यंत, आणि इकडेतिकडे थोडे.

"झालं तर," निंबाभाऊ म्हणाले. "पुढचा विषय घ्या."

 उज्ज्वला खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली आणि सिस्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"सिस्टर, तुमचा हात कुठे आहे?"

"मी शाळेची प्रमुख आहे, उज्ज्वलाबेन. मी मत देत नाही."

"या लोकांना दोष नाही देत मी. ते घाबरलेले आहेत. आपण जसे जगलो तशी पोरं जगतील म्हणून घाबरले आहेत, हात वर करून घरी जातील. पण दिवसभर पोरं कुणाजवळ असतात? तुमच्याजवळ. सिस्टर म्हणजे बहीण ना? माझी पोरगी तुमच्या अंगणात पडली. कोणती बहीण पडलेल्या पोराला आधी भाषा विचारते? तुमच्या देवासमोर रोज पोरं हात जोडतात. तो विचारतो का, कोणत्या भाषेत मागतोस म्हणून?"

कुणीच हसलं नाही. सिस्टर रमिलांनी चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही. त्या उभ्या राहिल्या.

"मी गामीत बोली बोलायचे," त्या हिंदीत म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज जपून नव्हता. "वसतिगृहात आले तेव्हा मला गुजराती येत नव्हती. मला कुणी बिल्ला घातला नाही, पण हसायचे सगळे. आज माझी आई फोन करते तेव्हा मला तिच्याशी नीट बोलता येत नाही. शब्दच उरले नाहीत. हे मला माहीत होतं, तरी मी मत मागितलं. सोमवारपासून एकाही वर्गात बिल्ला राहणार नाही. मी विचारत नाही, सांगते आहे."

एकच गलका झाला. निंबाभाऊ ओरडले, "मग आमचे हात कशाला वर करवले? चेष्टा आहे का?"

"चूक झाली, निंबाभाई. मुलांना त्रास द्यायचा की नाही, ही मतावर टाकायची गोष्टच नव्हती."

"आम्ही पोराला काढून नेऊ!"

"मला वाईट वाटेल. पण बिल्ला परत येणार नाही."

उज्ज्वलाला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मनात आलं ते तिने बोलूनच टाकलं. "हे एक वाक्य होतं, सिस्टर. जूनमध्येच बोलला असता तर?"

सिस्टरांनी मान खाली घातली. 

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सिस्टरांनी सगळ्या मुलांसमोर सांगितलं की बिल्ला ही मोठ्या माणसांची चूक होती, आणि हर्षदाची व ज्यांना ज्यांना उभं केलं होतं त्यांची माफी मागितली. निंबाभाऊंनी मुलाला खरंच काढलं. आणखीही काही घरं गेली. गल्लीत काही दिवस उज्ज्वलाकडे लोक तिरकं बघायचे. शाळेची मुलं हिने कमी केली, असं बोलायचे. पल्लवी टीचर तिच्याशी कामापुरतं बोलू लागल्या. पण वर्गात त्यांनी एक गोष्ट बदलली. मूल घरच्या भाषेत काही बोललं की त्या आधी ऐकून घ्यायच्या, मग त्याचं इंग्रजी फळ्यावर लिहायच्या, आणि सगळा वर्ग ते मोठ्याने म्हणायचा. सखुबाई नावाची एक म्हातारी मावशी आता सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायला घसरगुंडीजवळ बसू लागली. उज्ज्वलाने पालक समितीत नाव घातलं आणि पहिल्याच बैठकीत हे मंजूर करून घेतलं.

वाल्मिक बरेच दिवस घुम्यासारखा होता. एका रविवारी उज्ज्वला साड्या मोजत असताना तो हर्षदाला विचारताना तिला दिसला, "आज काय शिकनी? माले बी शिकाड ना." हर्षदाने सांगितलं, त्याने चुकीचं म्हटलं, ती खदखदून हसली. पुष्कळ दिवसांनी घरात तिचा असा आवाज झाला होता. शाळेत मात्र ती लगेच बोलती झाली नाही. प्लास्टर निघालं, हाड सांधलं, तरी टीचरांनी काही विचारलं की आधी ती इकडेतिकडे बघायची, कुणी येतंय का म्हणून. ते बघणं जायला उन्हाळा उजाडला.

त्याआधी, त्याच वर्षीच्या नाताळात शाळेत कार्यक्रम झाला. ज्योती आणि उज्ज्वला शेजारी बसल्या होत्या, सिस्टर रमिला येऊन दोघींना केकचा तुकडा देऊन गेल्या. उज्ज्वलाने तो घेतला, "थँक्यू, सिस्टर" म्हणाली, पण हसली नाही.

ज्योतीने तिला कोपराने ढोसलं. "किती दिवस धरून बसशील गं? बिल्ला गेला, पोरीचा हात बरा झाला. आता कशाचा राग?"

"हात बरा झाला," उज्ज्वला म्हणाली. "राग राहू दे. पुढच्या सभेला लागेल."